अज्ञात व अकुशल

फोटो मोठा करून आला, आणि तिला अंगठा दिसला. तोवर तोच फोटो तिने निदान पन्नास वेळा पाहिला असेल. सरकारी चौकशीच्या अहवालात, अगदी शेवटच्या पानावर, काडेपेटीएवढा. तेवढ्यात भोक तेवढं कळायचं. भोकाच्या वर जे होतं ते तिने डाग म्हणून सोडून दिलं होतं. आता मोठ्या वकिलांच्या टेबलावर तो हातभर लांबीचा होऊन पसरला होता आणि डाग मुळीच डाग नव्हता. सिमेंटात उमटलेले दोन अंगठे होते ते, शेजारी शेजारी. उजवीकडचा स्वच्छ, रेघ न् रेघ मोजावी असा. डावीकडचा गुळगुळीत, एकही रेघ नसलेला, आणि त्याच्यावर नखापासून मुळापर्यंत तिरका गेलेला एक जुना काप. तिच्या हातात चहाचा कप होता. तो तिने जपून खाली ठेवला, बशीत, आवाज न करता.

"गवंड्यांचे खेळ," समोरच्या खुर्चीतले व्यवस्थापक म्हणाले. कारखाना त्यांच्या हाताखाली होता. माणूस सभ्य, कपडे परीटघडीचे, कान जरा बाहेरच आलेले. "ओलं सिमेंट दिसलं की बोटं शिवशिवतात यांची." मोठे वकील हसले. तीही हसली. हसू आधी आलं आणि मग कळलं की ते आपलं होतं, ही गोष्ट पुढे कितीतरी दिवस तिला खात राहिली.

खटला तसा सरळ होता. कारखान्यात कॉस्टिकची, म्हणजे कातडी जाळणाऱ्या सोड्याची, एक मोठी टाकी, तिच्याभोवती कमरेएवढी उंच काँक्रीटची भिंत. टाकी कधी फुटलीच तर सगळं भिंतीच्या आत राहावं, बाहेर थेंब जाऊ नये, एवढ्याचसाठी ती भिंत. गेल्या वर्षी एका सकाळी टाकीचा सांधा सुटला. कॉस्टिकने काँक्रीटचं काही वाकडं केलं नाही, भिंतीचा टवकासुद्धा उडाला नाही. पण एका कोपऱ्यात, जमिनीलगत, गिलाव्याखाली मुठीएवढं भोक होतं आणि भोकात लाकडाचं बूच. ते बूच कॉस्टिकने खाल्लं. टाकी त्या भोकातून रिकामी झाली, खालच्या ओढ्यात गेली, आणि ओढ्यात लोक कपडे धूत उभे होते. एकोणीस जणांचे पाय भाजले. एका बाईला अजून उभं राहता येत नाही. दोष कोणाचा, एवढाच प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर तिनेच लिहिलं होतं. कंपनीच्या बचावातलं बारावं कलम: सदर भोक कोणा अज्ञात व अकुशल कारागिराने ठेवून गिलाव्याखाली दडवले, कंपनीस त्याची माहिती असणे शक्यच नव्हते. मोठ्या वकिलांनी ते दोनदा वाचलं होतं. चष्मा काढून म्हणाले होते, "वा. नसलेल्या माणसावर ठेवलेला दोष कधी उठून उत्तर देत नाही. हे तू बोलायचंस. उभी राहून." नऊ वर्षं त्यांच्या फायली वाहिल्यावर पहिल्यांदा तिला उभं राहायला मिळणार होतं. 'अज्ञात व अकुशल' हे शब्द जुळले त्या संध्याकाळी ती गुणगुणत घरी गेली होती. चांगलं वाक्य जमलं की सुताराला सांधा जमल्यासारखं वाटतं, आणि तो सांधा तर असा बसला होता की नख शिरायला जागा नव्हती.

तो काप तिचा होता. म्हणजे अंगठा अप्पांचा, तिच्या वडिलांचा, पण काप तिच्यापायी झालेला. चौथीच्या परीक्षेची सकाळ, पेन्सिलीचं टोक मोडलेलं, घरात टोकयंत्र नाही. अप्पा अर्ध्या ब्लेडने पेन्सिल तासत होते आणि ती 'लवकर, लवकर' म्हणून त्यांचा दंड हलवत होती. ब्लेड सटकलं ते पार हाडाला लागलं. पेन्सिल लाल झाली. अप्पांनी अंगठा सिमेंटच्या पोत्याच्या चिंधीने बांधला, पेन्सिल सदऱ्याला पुसली आणि म्हणाले, "घे. दोन रंगांची झाली. जा." त्या परीक्षेत ती पहिली आली. अप्पांना लिहिता येत नव्हतं तेव्हा. हजेरीच्या वहीत ते अंगठा लावत आणि मुकादम, ज्याला स्वतःला जेमतेम आकडे येत, त्यांना 'अंगठेबहाद्दर' म्हणे. ते तिने एकदा कानांनी ऐकलं. त्या सुट्टीत तिने हट्टाने अप्पांना सही शिकवली. पाटीवर नाही, पाटीवर त्यांचा हात चालेना. जमिनीवर कोळशाने चाललं. मग कामावर सुरू झालं. भिंतीला पहिला हात दिला की ओल्या गिलाव्यावर थापीच्या टोकाने ते आपलं नाव लिहीत, मान वाकडी करून बघत, आणि मग तळव्याने पुसून टाकत. वरून दुसरा हात. मुकादमाला दिसू नये म्हणून. या शहरातल्या किती घरांच्या, दुकानांच्या, शाळांच्या भिंतींत, वरच्या गिलाव्याखाली, अप्पांचं नाव वेडंवाकडं गाडलेलं असेल याचा हिशेब कोणी ठेवला नाही. लहानपणी रस्त्याने जाताना ती भिंतींकडे बघून मनात म्हणायची, इथे आहे, इथेही आहे. सगळं शहर आपल्या बापाने सही केलेलं आहे, असं तिला खरंच वाटायचं.

मग ती मोठी झाली आणि वाटायचं बंद झालं. वाटायचं बंद होतंच. ती वकील झाली, मोठ्या वकिलांच्या कचेरीत लागली. एकदा अप्पा डबा द्यायला आले होते. आले ते आले, पण खुर्चीत बसायच्या आधी त्यांनी स्वागतकक्षाच्या भिंतीवर तळवा फिरवला, बोटाच्या पेराने दोन ठिकाणी टकटक केलं आणि मोठ्याने म्हणाले, "पोकळ आहे. कोणी केलं गं हे काम?" सगळ्यांनी वळून बघितलं. नंतर शिपायाने विचारलं, कोण होते? ती म्हणाली, घरचे. वडील म्हणायला तीन अक्षरं लागतात, घरचे म्हणायलाही तीनच. पण ती दुसरी तीन तिने का उचलली, हे तिला तेव्हाही माहीत होतं. पुढच्या वर्षी त्या भिंतीचा गिलावा पडला, बरोबर त्या दोन ठिकाणी. तिने घरी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर अप्पा महिनाभर छाती फुगवून हिंडले असते.

त्या संध्याकाळी ती घरी आली तेव्हा अप्पा खिडकीपाशी बसून ओळंब्याचा दोरा बदलत होते. काम सोडून सहा वर्षं झाली, तरी हत्यारं तेल लावून तयार. आई म्हणायची, यांचं लग्न भिंतीशीच लागायचं, मी मध्ये घमेलं घेऊन उभी होते म्हणून फसले. ती अप्पांसमोर बसली आणि त्यांच्या अंगठ्याकडे बघत राहिली. चाळीस वर्षांच्या सिमेंटने त्यावरची एकूण एक रेघ खाल्ली होती. मागे बँकेच्या यंत्राने तो ओळखला नव्हता. चारदा लावला, चारदा यंत्राने नाही म्हटलं. यंत्राच्या मते अप्पा नव्हतेच. घरी येऊन ते केवढे हसले होते. उरला होता तो फक्त काप. खटल्यातलं काही बोलायची तिला मुभा नव्हती, आणि ती मुभा ती घेणारही नव्हती. वकिलाची जीभ अशिलाकडे गहाण असते, हे तिला पहिल्या वर्षापासून पाठ होतं आणि त्याचा तिला अभिमानही होता. म्हणून तिने जपून, आडून विचारलं.

"अप्पा, भिंतीत अंगठा का लावतात हो?"

"कोण लावतं? आम्ही लावायचो. आमच्या टोळीची रीत." अप्पांनी दोरा दातात धरला, गाठ मारली. "काम अर्धं राहिलं ना, की तिथे लावायचा. समज, नळ यायचा आहे, पण फिटर आलेला नाही. मग भोक ठेवायचं, लाकडाचं बूच मारायचं, पातळ गिलावा घ्यायचा आणि वर अंगठा. म्हणजे फिटरला कळावं, इथे फोड. कागद हरवतात, अंगठा कुठे जातोय."

"एकच?"

"दोन. एक करणाऱ्याचा, एक बघणाऱ्याचा. ज्याला दाखवलं त्याने शेजारी लावायचा. नाहीतर उद्या तो म्हणेल, मला कुठे सांगितलं होतंत."

बाहेर कोणीतरी सायकलची साखळी बसवत होतं, तिचा खटखट आवाज येत होता. तिला फोटोतला उजवीकडचा अंगठा दिसत होता, स्वच्छ, न झिजलेला. कचेरीत काम केलेल्या माणसाचा. आणि दुपारी फोटो येण्याआधी व्यवस्थापक सहज बोलून गेले होते की ही भिंत बांधली त्याच वर्षी मी इथे लागलो, माझी पहिली नोकरी. ते वाक्य तिच्या डोक्यात खिळ्यासारखं बसलं, पण तिथून तिला ते बाहेर काढता येणार नव्हतं. ते अशिलाचं होतं.

अप्पांचे हात थांबले. "कुठली भिंत पडली?"

"पडली नाही."

"मग गळली." ते तिच्याकडे नीट बघू लागले. भिंतीचा तोल बघताना बघायचे तसे, एक डोळा बारीक करून. गेल्या वर्षीच्या बातम्या त्यांनीही ऐकल्या होत्या, ओढ्याच्या, भाजलेल्या पायांच्या. पण त्या भागात कारखाना काय एकच आहे? "कॉस्टिकची टाकी," ते हळू म्हणाले. "चार कोपऱ्यांची भिंत. पाणी भरून तीन दिवस ठेवली होती, खडूची रेघ मारून. रेघेखाली केसभर उतरलं नाही पाणी. मग ते सोडायला भोक हवं, तिथे व्हॉल्व्ह बसायचा होता, नकाशातच होता. व्हॉल्व्ह आला नव्हता." त्यांनी दोरा मांडीवर ठेवला. "बसवलाच नाही?"

"मला काही सांगता येत नाही, अप्पा."

"नको सांगूस." आणि मग, जणू स्वतःशीच, "मी परत जाऊन बघितलं नाही. दुसरं काम लागलं होतं. एक फेरी मारली असती तर." आई दारात उभी होती. ती काहीतरी बोलणार होती, पण अप्पांचा चेहरा बघून तशीच आत गेली. अप्पा उठले, ओळंबा खिळ्याला टांगला, तो डुलायचा थांबेपर्यंत बघत राहिले. "त्या लोकांचा वकील कुठे बसतो?"

"तेही मी नाही सांगू शकत."

"बरं. विचारत विचारत जाईन. तोंड आहे की मला." हे म्हणताना त्यांची पाठ ताठ झाली. तिला भीती वाटलीच. हा माणूस स्वतःच्या पायाने जाऊन स्वतःच्या गळ्यात दोष अडकवून घेणार होता, ज्या दोषाखाली त्याचं नाव कुठेच नव्हतं, यंत्रालासुद्धा सापडलं नसतं. पण भीतीच्या खाली दुसरं काहीतरी होतं, आणि ते लहानपणीचं होतं. इथे आहे, इथेही आहे.

सकाळी तिने मोठ्या वकिलांना सांगितलं की मी या खटल्यातून बाहेर पडते. कारणही सांगितलं, सरळ. डावीकडचा अंगठा माझ्या वडिलांचा. रीतही सांगितली, दोन अंगठ्यांची. तेवढं अशिलाच्या वकिलाला कळायलाच हवं होतं. मोठे वकील बराच वेळ पेपरवेट फिरवत राहिले. माणूस वाईट नव्हता. तिला त्यांनीच घडवलं होतं, आणि तिचं भलंच चिंतत होते. "हे बघ," ते म्हणाले, "आपण त्यांचं नाव घेतोय का? अज्ञात म्हणतोय. अज्ञात माणसाला ना तुरुंग, ना दंड, ना बदनामी. तुझ्या वडिलांना यापेक्षा सुरक्षित जागा जगात नाही. आणि वाक्य तुझंच आहे."

"हो सर. माझंच आहे."

"मग?"

तिला खूप काही म्हणायचं होतं. रात्रभर तिने मुद्दे काढले होते, वकिलाला दुसरं काय सुचणार. पण तोंडातून आलं ते एवढंच, "अकुशल नाहीत हो ते." आणि तिचे डोळे भरून आले, याची तिला भयंकर चीड आली. मोठ्या वकिलांनी खिडकीबाहेर बघितलं. स्वागतकक्षातून बाहेर पडताना शिपाई फाईल घ्यायला पुढे झाला, तेव्हा ती थांबली. "दोन वर्षांपूर्वी डबा घेऊन आले होते ना, भिंत वाजवणारे," ती म्हणाली, "ते माझे वडील." शिपायाला काही आठवेना. तो आपला मान हलवून बरं म्हणाला.

सुनावणीच्या दिवशी ती पहिल्यांदाच कोर्टात काळा कोट न घालता गेली. मागच्या बाकावर, आईशेजारी. पुढच्या बाकाला कुबड्या टेकवून एक बाई बसली होती, पायांवर पातळ चादर. अप्पा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे होते, स्वच्छ सदरा, दाढी केलेली, आणि हात कठड्यावर ठेवलेले. ठेवायच्या आधी त्यांनी कठडा हलवून पाहिला होता. तो हलला. त्यांनी न्यायाधीशबाईंकडे असं बघितलं की जणू तेही काम आता कोणीतरी नोंदवून घ्यावं. लोकांच्या वकिलाने फोटो दाखवला. अप्पा म्हणाले, हा माझा. भोक माझं, बूच माझं. मग रीत सांगितली, पाण्याची परीक्षा सांगितली, खडूची रेघ सांगितली, आणि बोलता बोलता त्यांचा आवाज असा मोकळा झाला की मागच्या बाकावर आईने पदर तोंडाला लावला. आईसुद्धा त्या भिंतीवर कामाला होती, घमेलं घेऊन.

उलटतपासणीला मोठे वकील उठले. "म्हणजे लाकडाचं बूच कॉस्टिकपुढे टिकत नाही, हे तुम्हाला माहीत होतं?"

"होतं ना. म्हणून तर चार दिवसांसाठी मारलं होतं. बावीस वर्षांसाठी नाही."

"पण मारलंत तुम्ही. आणि परत वळून बघितलंही नाहीत."

तिने आईचा हात धरला. हाच प्रश्न तीही असाच विचारणार होती, याच आवाजात. अप्पांनी खाली बघितलं, मग पुढच्या बाकावरच्या त्या बाईकडे बघितलं, आणि म्हणाले, "नाही बघितलं. तेवढं माझं आहे. बाई, तेवढं माझं आहे, मी नाही म्हणत नाही. पण जे माझं नाही ते मी घेणार नाही. दाखवून गेलो होतो. शेजारी बघणाऱ्याचा अंगठा आहे."

"कोणाचा?"

"नाव कधी विचारलं नाही. नवीन इंजिनियर पोरगा होता. चांगला होता हो, मला म्हणाला, मी पण लावू? आणि हसत हसत लावला." अप्पांनी मान वळवली, एक डोळा बारीक केला. "चष्मा नव्हता तेव्हा. केस होते. पण कान तेच आहेत. ते काय बसलेत."

कोर्ट हसलं. न्यायाधीशबाईंनी कागदात तोंड घातलं. व्यवस्थापकांचा हात आपोआप कानाकडे गेला, आणि तिथे पोचल्यावर त्यांना कळलं की सगळे त्या हाताकडेच बघताहेत. त्यांनी तो सावकाश खाली आणला आणि अंगठा मुठीत घेतला. मोठ्या वकिलांनी कागद आवरले. "आणखी प्रश्न नाहीत," ते म्हणाले, आणि खाली बसताना त्यांनी मागे वळून, क्षणभर, तिच्याकडे बघितलं. रागावलेले दिसत नव्हते. निकाल काय लागेल, किती महिन्यांनी, अप्पांच्या वाट्याला त्यातलं किती येईल, हे तिला त्या क्षणी सांगता आलं नसतं. कायदा तिला येत होता, म्हणूनच सांगता आलं नसतं. पण 'अज्ञात' हा शब्द आता त्या फायलीत कुठेच उभा राहू शकणार नव्हता.

साक्ष टाईप होऊन आली. कारकुनाने कागद पुढे सरकवला, अप्पांच्या हातांकडे बघितलं आणि सवयीने शाईचं पॅड उघडून त्यांच्यासमोर ठेवलं.

"अंगठा तिथे लावलाय, साहेब," अप्पा म्हणाले. "इथे सही करतो."

त्यांनी पेन घेतलं, थापी धरतात तसं, आणि लिहायला लागले. वेळ लागत होता. पंखा फिरत होता, पुढच्या खटल्याचे वकील घड्याळ बघत होते. तिला इतक्या लांबून अक्षरं दिसत नव्हती, पण हाताच्या चालीवरून कुठलं अक्षर चाललंय ते कळत होतं. आधी उभी रेघ, मग पोट, मग काना, तिने शिकवलेल्याच क्रमाने, आणि तिचं बोट आपल्या गुडघ्यावर त्यांच्याबरोबर चालत होतं. शेवटी वरची रेघ ओढून अप्पांनी मान वाकडी करून पाहिलं. मग त्यांचा डावा तळवा जुन्या सवयीने उचलला गेला, नावावरून फिरवायला, आणि कागदाच्या वर मध्येच थांबला. त्यांनी तो परत कठड्यावर ठेवला.